सामाईक वाट आणि रोजची सायकल

शहरातली सामाईक वाट मोटारींना बंद असते आणि बाकी सगळ्यांना मोकळी. पायी चालणारे, पळणारे, बाबागाडी ढकलणारे आईबाप, कुत्रा फिरवायला निघालेले लोक, व्हीलचेअरवरची माणसे, नुकती सायकल शिकणारी मुले आणि सायकलवरून कामाला जाणारे नोकरदार, अशा सगळ्यांची ये-जा तीन-चार मीटर रुंदीच्या एकाच डांबरी पट्ट्यावरून चालते. यातले सर्वांत सावकाश जाणारे आजोबा तासाला तीन किलोमीटरच्या चालीने चालतात आणि घाईतला सायकलस्वार तासाला तीस किलोमीटरने येतो. म्हणजे दहापट फरक. मोटारींच्या रस्त्यावर एवढा फरक असता तर सिग्नल, दुभाजक आणि पोलिस असा सगळा सरंजाम उभा राहिला असता. सामाईक वाटेवर त्यातले फारसे काही नसते. माणसे एकमेकांना सांभाळून घेतात म्हणून ती चालते, आणि त्या सांभाळण्याचा मोठा भार वेगाने जाणाऱ्याने उचलायचा असतो.

अशा वाटांचे मोठे जाळे अमेरिकेत आहे आणि त्याचे कारण रेल्वेत सापडते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रक आणि महामार्गांपुढे तिथल्या शेकडो लहान रेल्वे-शाखा तोट्यात जाऊन बंद पडल्या. रूळ उखडल्यावर लांबलचक, सलग आणि सपाट जमिनीची पट्टी मागे उरली. विस्कॉन्सिन राज्यातला एलरॉय ते स्पार्टा हा रेल्वेमार्ग १९६०च्या दशकातच सायकलवाट झाला. पुढे १९८३ साली अमेरिकी संसदेने कायद्यात बदल करून अशा जमिनी भविष्यातल्या रेल्वेसाठी राखून ठेवायची आणि तोपर्यंत त्यांवर वाट करायची मुभा दिली. १९८६ मध्ये याच कामासाठी ‘रेल्स-टू-ट्रेल्स कन्झर्व्हन्सी’ ही संस्था स्थापन झाली. आज जुन्या रेल्वेमार्गांवरच्या वाटांची एकूण लांबी तिथे चाळीस हजार किलोमीटरच्या पुढे आहे. सायकलला हा वारसा फार मानवतो. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून रेल्वे बांधणारे शंभर मीटरमागे एक-दोन मीटरपेक्षा जास्त चढ सहसा ठेवत नसत. साठीतल्या माणसाला साध्या सायकलवर घाम न येता जाता येईल इतका तो सौम्य असतो.

सिअ‍ॅटल शहरातली बर्क-गिलमन ट्रेल ही या प्रकारातली एक जुनी आणि गजबजलेली वाट. १८८५ साली थॉमस बर्क आणि डॅनिअल गिलमन यांनी इतर काही भागीदारांसह ‘सिअ‍ॅटल, लेक शोअर अँड ईस्टर्न’ ही रेल्वे काढली. ती पुढे मोठ्या कंपन्यांच्या हाती गेली आणि १९७१ मध्ये बर्लिंग्टन नॉर्दर्न कंपनीने या भागातला मार्ग सोडून द्यायचे ठरवले. तिथे वाट व्हावी म्हणून नागरिकांनी पदयात्रा काढल्या, सभा घेतल्या. रुळांलगत राहणाऱ्या अनेक घरमालकांचा मात्र विरोध होता. परसदारातून अनोळखी माणसे जाऊ लागली तर चोऱ्या वाढतील आणि घरांच्या किमती पडतील अशी त्यांना धास्ती होती. १९७८ मध्ये गॅस वर्क्स पार्कपासून केनमोरपर्यंतचा सुमारे साडेएकोणीस किलोमीटरचा टप्पा खुला झाला. नऊ वर्षांनी, १९८७ मध्ये, शहराच्या अभियांत्रिकी विभागाने या धास्तीचीच पाहणी केली. वाटेच्या आसपासची, पण अगदी तिला लागून नसलेली घरे सुमारे ६ टक्के जास्त भावाने विकली जात होती आणि गुन्हे वाढल्याचे आढळले नाही.

आज ही वाट पश्चिमेला बॅलर्डपासून पूर्वेला बॉथेलपर्यंत जाते. लेक युनियनचा काठ, वॉशिंग्टन विद्यापीठाचा परिसर, मग लेक वॉशिंग्टनच्या कडेची झाडी, असा तिचा रस्ता आहे. बॉथेलला तिला समॅमिश नदीकाठची वाट मिळते आणि ती थेट रेडमंडच्या मेरीमूर पार्कपर्यंत नेते. रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टचे मुख्यालय असल्याने या पट्ट्यात मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. सिअ‍ॅटल हे टेकड्यांचे शहर. तिथले काही रस्ते इतके उभे आहेत की सायकल हातात धरून चढावी लागते. त्यामुळे सपाट जाणारी ही वाट फिरायला जितकी सोयीची तितकीच कामावर जायलाही. शनिवार-रविवारी तिच्यावर सहलीची गर्दी असते. सोमवारी सकाळी साडेसातला चित्र बदलते. मडगार्ड लावलेल्या सायकली, कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या पाणी न शिरणाऱ्या पिशव्या, अंगावर पिवळे रेनकोट, आणि त्याच वेळी पळायला किंवा कुत्र्याला घेऊन बाहेर पडलेले शेजारपाजारचे रहिवासी.

रोजचा सायकलस्वार आणि हौशी सायकलस्वार यांच्यात इथे एक महत्त्वाचा फरक पडतो. हौशी माणूस महिन्यातून एकदा येतो, त्याला घड्याळ नसते. रोजच्याला ८:५५ला कार्यालयात पोचायचे असते, वाट पाठ झालेली असते, पाय आपोआप चालतात आणि वेग नकळत चढतो. सवयीमुळे आत्मविश्वास येतो आणि आत्मविश्वासामुळे दुर्लक्ष होते. पण रोजच्या माणसाला एक फायदाही आहे. कोणत्या वळणावर झुडपांमुळे पुढचे दिसत नाही, कोणत्या बाकावर म्हातारी मंडळी बसतात, शाळा सुटल्यावर मुलांचा घोळका कुठून येतो, हे सगळे त्याला माहीत असते. वाटेची रीत रुजते ती अशा रोजच्या माणसांमुळे. नवखे लोक त्यांचे पाहूनच शिकतात.

वेगमर्यादेबाबत सिअ‍ॅटलच्या आणि सभोवतालच्या किंग काउंटीच्या वाटांवर नियम स्पष्ट आहे: ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर. ही वरची मर्यादा आहे. परिस्थिती पाहून वेग ठेवावा असेही तोच नियम सांगतो; म्हणजे गर्दीत, ओल्या रस्त्यावर किंवा अंधारात त्याहून सावकाश जावे. ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ पावणेसात मीटर. समोर काही दिसणे, ते ओळखणे आणि हात ब्रेकवर जाणे यासाठी रस्ते-अभियंते हिशेबात अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात सायकल सतरा मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. ओल्या डांबरावर थांबायला आणखी चौदा-पंधरा मीटर लागतात. वेग ताशी १५ किलोमीटरवर आणला की हे सगळे अंतर तीस-एकतीस मीटरवरून सोळा मीटरवर येते. बाबागाडीमागून अचानक चेंडू घरंगळत आला आणि त्यामागे मूल धावले, तर या पंधरा मीटरांवर सगळे अवलंबून असते.

सावकाश गेल्याने किती वेळ जातो, हेही एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. गर्दीचा २०० मीटरचा टप्पा ताशी २४ किलोमीटरने ३० सेकंदांत संपतो आणि ताशी १५ ने ४८ सेकंदांत. फरक १८ सेकंदांचा. रोजच्या मार्गात असे पाच टप्पे असले तरी दीड मिनिटाचाच प्रश्न. एका लाल सिग्नललाही कधी कधी एवढा वेळ जातो आणि त्याबद्दल कोणी रागावत नाही.

सामाईक वाटेवरचे बहुतेक खटके मागून पुढे जाताना उडतात. समोरून येणारा माणूस दिसतो, नजरानजर होते, दोघेही आपोआप थोडे सरकतात. मागून येणाऱ्याचे तसे नाही. चांगले तेल घातलेली सायकल जवळजवळ आवाज करत नाही. चालणारा आपल्या विचारात असतो आणि कानाशी एकदम वारा सरकून जातो. सायकलस्वाराच्या लेखी काहीच घडलेले नसते, तो अर्धा मीटर अंतर राखून व्यवस्थित निघून गेलेला असतो. चालणाऱ्याच्या छातीत मात्र धस्स होते. त्याच क्षणी ओढणी सावरायला किंवा डबके चुकवायला तो अर्धे पाऊल बाजूला झाला असता तर काय झाले असते, हे त्याला लगेच कळते. कानांनी कमी ऐकू येणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना तर असे दोन-तीन प्रसंग पुरतात. पुढे ते त्या वाटेवर येणेच सोडतात. आकडेवारीत अपघात म्हणून यातले काहीच नोंदले जात नाही, पण नुकसान मोठे असते.

म्हणून पुढे जाण्याआधी आवाज देणे हा किंग काउंटीच्या वाटांवरचा लेखी नियम आहे. आवाज तोंडाने द्या, घंटीने द्या किंवा भोंग्याने. अमेरिकेत वाहतूक उजवीकडून चालते, त्यामुळे हळू जाणाऱ्याने उजवी कड धरायची आणि पुढे जाणाऱ्याने त्याच्या डावीकडून जायचे. तिथे त्यासाठी ‘ऑन युअर लेफ्ट’ अशी हाळी देतात. ती सर्वांना ओळखीची आहे, पण तिच्यात एक खोच आहे. हाळी उशिरा आली, किंवा ऐकणारा गोंधळला, तर त्याच्या कानात फक्त ‘लेफ्ट’ एवढेच शिरते आणि तो नेमका डावीकडे सरकतो. लहान मुले तर हमखास आवाजाच्या दिशेने वळतात. घंटीचे तसे होत नाही. ती कोणत्या बाजूला जा ते सांगत नाही. मागे सायकल आहे एवढेच कळवते.

पण घंटीही वेळेवर वाजायला हवी. ताशी २४ किलोमीटरने येणारी सायकल आणि ताशी ५ किलोमीटरने चालणारा माणूस यांच्यातले अंतर सेकंदाला पाच मीटरहून जास्त वेगाने कमी होत असते. पाच मीटरवर वाजवलेल्या घंटीने माणसाला एक सेकंद मिळतो. त्यात दचकण्यापलीकडे काहीच करता येत नाही. तीच घंटी पंचवीस-तीस मीटरवर हलक्या हाताने वाजवली तर पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात माणूस मागे पाहतो, कुत्र्याची दोरी आखडतो, मुलाचा हात धरतो. त्यानंतर सायकलस्वाराने वेग कमी करावा, चालणाऱ्याने ऐकले आहे याची खूण मिळेपर्यंत मागेच राहावे, हातभर नव्हे तर निदान एक मीटर जागा सोडून पुढे जावे आणि जाताना ‘थँक यू’ म्हणावे. कानात इअरफोन असलेल्या माणसाला घंटी ऐकू जात नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा घंटी बडवण्यापेक्षा त्याच्या चालीने काही क्षण मागे राहणे आणि रुंद जागा आली की लांबून वळसा घेणे चांगले. समोरून कोणी येत असेल तर पुढे जाऊच नये. तिघे एका ओळीत आले की तीन मीटरची वाट संपते.

घंटीबाबत सगळ्या देशांची रीत सारखी नाही. लंडनमधल्या जुन्या कालव्यांच्या काठाने पूर्वी बोटी ओढणारे घोडे चालत. त्याच अरुंद पायवाटांवर आता चालणारे आणि सायकलवाले एकत्र असतात. पुलाखालून जाताना वाट आणखी निमुळती होते आणि पलीकडचे काहीच दिसत नाही. तिथे कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने ‘टू टिंग्ज’ नावाची मोहीम चालवली: दोनदा घंटी वाजवा, सावकाश जा, आणि वाटेवर पहिला हक्क चालणाऱ्याचा आहे हे लक्षात ठेवा. जपानमध्ये याच्या उलट आहे. तिथे १९७०च्या दशकापासून ठरावीक पदपथांवर सायकलला परवानगी मिळत गेली, पण कायद्याने घंटी फक्त धोका टाळण्यासाठी वाजवायची असते. पादचाऱ्यांनी बाजूला व्हावे म्हणून घंटी वाजवणे हा नियमभंग ठरतो. सायकलस्वाराने पदपथावर अतिशय सावकाश जायचे, आणि पादचाऱ्याला अडथळा होत असेल तर थांबायचे. दोन्ही पद्धतींत बाजू चालणाऱ्याचीच घेतलेली आहे. लंडनची पद्धत त्याला आधी खबर देते आणि जपानची त्याला हलायलाच लावत नाही. रुंद आणि मोकळ्या वाटेवर पहिली पद्धत बरी. दुकानांपुढच्या गर्दीच्या पदपथावर दुसरीच माणुसकीची आहे.

थंडीच्या दिवसांत सिअ‍ॅटलच्या वाटेवर वेगळा प्रश्न उभा राहतो. शहर ४७ अंश अक्षांशाच्याही उत्तरेला आहे. डिसेंबरात सूर्य दुपारी साडेचारच्या आधी मावळतो आणि सकाळी आठच्या सुमारास उगवतो. नोकरदाराचे जाणे आणि येणे दोन्ही अंधारात, आणि बहुतेक वेळा रिमझिम पावसात. तिथला पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही. शरद ऋतूपासून वसंतापर्यंत तो झिरपत राहतो. काउंटीच्या नियमाप्रमाणे रात्री सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल किंवा पिवळसर दिवा लागतो, आणि तो सुमारे १५० मीटरवरून दिसला पाहिजे. आजच्या एलईडी दिव्यांना हे सहज जमते. त्रास उलट बाजूने होतो. दिवा सरळ समोर रोखला तर येणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते आणि लुकलुकणारा दिवा असेल तर समोरची सायकल किती दूर आहे हेच कळत नाही. दिव्याचे तोंड पुढच्या आठ-दहा मीटर जमिनीवर झुकवून तो स्थिर ठेवला की दोघांचे काम होते. त्याच वाटेवर झाडांच्या मुळांनी डांबर खालून उचलून धरलेले असते आणि त्यावर ओली पाने चिकटलेली असतात. अशा ठिकाणी वळताना ब्रेक दाबला की चाक निसटते. ब्रेक आधी, सरळ रेषेत असताना लावायचा.

चालणाऱ्यांकडेही थोडे काम येते. किंग काउंटीच्या नियमानुसार कोणत्याही घोळक्याने, बरोबरच्या कुत्र्यांसकट, अर्ध्याहून जास्त वाट अडवायची नाही. गप्पांत रंगलेल्या चौघांना याचे भान राहत नाही. कुत्र्याची लांब होणारी बारीक दोरी सर्वांत वाईट. मालक उजव्या कडेला, कुत्रा डाव्या कडेच्या गवतात, आणि मधोमध गुडघ्याच्या उंचीवर ताणलेली एक काळी दोरी, जी संध्याकाळच्या उजेडात पाच मीटरवरूनही दिसत नाही. थांबायचे असेल, फोन घ्यायचा असेल, सायकलचे पंक्चर काढायचे असेल, तर डांबरावरून खाली उतरावे. यातले कोणतेही काम अवघड नाही. तरी जबाबदारी दोघांवर सारखी वाटून टाकणे बरोबर होणार नाही. धडक झालीच तर हाड चालणाऱ्याचे मोडते, आणि ती टाळण्याची ताकद सायकलस्वाराच्या बोटांखाली असते.

वाट जिथे मोटाररस्त्याला छेदते तिथे भूमिका बदलतात. आता दुबळा सायकलस्वार असतो. मोटारवाल्याची नजर पदपथावर चालीच्या वेगाने येणाऱ्या माणसाला शोधत असते. चौपट वेगाने झाडीतून बाहेर येणारी सायकल तिच्या हिशेबात नसते. त्यामुळे सायकलला पहिला हक्क असला तरी छेदरस्त्यावर चालीच्या वेगाने येणे शहाणपणाचे. इथे सौजन्याचाही एक धोका आहे. दोन मार्गिकांच्या रस्त्यावर पहिल्या मार्गिकेतला मोटारवाला थांबतो, हसून हाताने ‘जा’ म्हणतो. सायकलस्वार आभार मानून पुढे होतो, आणि थांबलेल्या मोटारीच्या आडून दुसऱ्या मार्गिकेतली मोटार तशीच येते. हात दाखवणाऱ्याला मागचे दिसत नसते. अशा वेळी त्याचे आभार मानावेत, पण पाऊल दुसरी मार्गिका स्वतः पाहूनच टाकावे. बॅलर्डमध्ये बर्क-गिलमन वाट सुमारे सव्वादोन किलोमीटर तुटलेली आहे. कारखाने, ट्रक आणि गोदामांच्या त्या भागातून ती कशी न्यायची यावर वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चालले. तिथे सायकलला ट्रकांच्या रस्त्यावर यावे लागते आणि तिरके जाणारे जुने रूळ ओलांडावे लागतात. रूळ काटकोनात ओलांडला नाही तर चाक फटीत अडकते. पावसात तिथे पडलेल्यांची संख्या कमी नाही.

गेल्या काही वर्षांत वाटेवरचा वेग विजेच्या सायकलींनी वाढवला. वॉशिंग्टन राज्याने २०१८ मध्ये कायदा करून त्यांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात पायडल मारले तरच मोटर साथ देते, दुसऱ्यात पायडल न मारताही चालते, आणि दोन्हींत मोटरची मदत ताशी ३२ किलोमीटरला थांबते. तिसऱ्या वर्गात ती ४५ पर्यंत मिळते. सामाईक वाटांवर मुख्यतः पहिल्या दोन वर्गांना मोकळीक आहे, आणि वाटेची ताशी २४ किलोमीटरची मर्यादा त्यांनाही लागू आहेच. या सायकलींनी साठी ओलांडलेल्यांना, दोन मुलांना मागे बसवून शाळेत सोडणाऱ्या आयांना आणि लांब राहणाऱ्यांना सायकलवर आणले, हे त्यांचे मोठे देणे. पण पूर्वी ताशी ३० किलोमीटरचा वेग मिळवायला वर्षांचा सराव लागे आणि त्या सरावात गर्दी ओळखण्याची नजरही तयार होई. आता वेग पहिल्याच दिवशी मिळतो आणि नजर नंतर येते. भारतातही २५० वॅटपर्यंतच्या मोटरची, ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी विजेची वाहने नियमांप्रमाणे मोटारवाहनात मोडत नाहीत. त्यांना नोंदणी लागत नाही आणि चालवायला परवानाही लागत नाही.

सौजन्याला एक मर्यादा आहे आणि ती रुंदीची आहे. अमेरिकेत सामाईक वाट निदान दहा फूट, म्हणजे तीन मीटर रुंद असावी असा अभियंत्यांचा संकेत आहे आणि गर्दी असेल तर त्याहून जास्त. माणसे थोडी असतात तोवर तीन मीटरमध्ये सगळे निभते. संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येक सायकलस्वाराला मिनिटाला चार-पाचदा पुढे जावे लागते. मग घंटीचा कलकलाट होतो आणि कितीही भला माणूस वैतागतो. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या परिसरात नेमके हेच झाले: वर्ग सुटले की विद्यार्थ्यांचे लोंढे वाट ओलांडत, त्यांच्यातून सायकली वाट काढत. विद्यापीठाने गेल्या दशकात तो भाग टप्प्याटप्प्याने नव्याने बांधला आणि चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी वेगवेगळे पट्टे केले. जवळच्या फ्रीमाँट पुलावर २०१२ मध्ये सायकली मोजणारे यंत्र बसले. २०१९ या एका वर्षात त्याने दहा लाखांहून अधिक फेऱ्या मोजल्या, आणि त्या सगळ्या पुलाच्या दोन बाजूंच्या अरुंद पदपथांवरून, चालणाऱ्यांच्या सोबतीने झाल्या. एवढी वर्दळ लोकांच्या समजूतदारपणावर टाकून स्वस्थ बसणे ही शहर चालवणाऱ्यांची चूक ठरते. फलक लावणे स्वस्त असते आणि रुंदी महाग, म्हणून बहुतेक ठिकाणी फलकच वाढतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुण्याने सर्वांत जवळून पाहिला आहे. एके काळी हे सायकलींचे शहर होते. सायकलला नगरपालिकेचा कर होता आणि तो भरल्याचा बिल्ला सायकलवर लावावा लागे. संध्याकाळी दिवा नसलेली किंवा डबलसीट जाणारी सायकल पोलिस अडवत, चाकातली हवा सोडत. खडकी-दापोडीच्या कारखान्यांची पाळी सुटली की रस्ता सायकलींनीच भरून जाई. त्या काळी सायकल रस्त्यावर होती आणि पादचारी कडेला. वाटून घ्यायचा प्रश्न फारसा नव्हता. स्कूटर आणि मोटारसायकली वाढल्या तशी सायकल रस्त्यावरून ढकलली गेली आणि तिला जागा द्यायची ती पदपथातून, अशी पद्धत पडत गेली. २०१७च्या डिसेंबरात महापालिकेने मंजूर केलेल्या सायकल आराखड्यात सुमारे सव्वाआठशे किलोमीटरच्या जाळ्याची कल्पना होती. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद करून त्यालगत सायकलसाठी पट्टा आखला गेला. तिथे संध्याकाळी चालणाऱ्यांचा ओघ सायकलच्या पट्ट्यावर पसरतो आणि शहरात इतरत्र अशा पट्ट्यांवर दुचाक्या उभ्या राहतात किंवा कोंडी फुटेपर्यंत सरळ पळवल्याही जातात. सायकलस्वार आणि पादचारी यांच्यात त्यावरून कुरबूर होते. खरे तर दोघांचीही जागा तिसऱ्यानेच घेतलेली असते.

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे सिअ‍ॅटलची रीत आरशातल्यासारखी उलटी करून घ्यावी लागते: चालणाऱ्याने डावी कड धरावी, सायकलने त्याच्या उजवीकडून पुढे जावे. बाकीचे हिशेब तेच राहतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे निवासी भागातला पदपथ अडथळे वगळून निदान १.८ मीटर रुंद असावा आणि बाजारपेठेत २.५ मीटर. शेजारी शेजारी चालणाऱ्या दोघांनाच दीड मीटर लागतो. सायकलचे हँडल साधारण ६० सेंटिमीटरचे, आणि हेलकावा धरला तर तिला एक मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे १.८ मीटरच्या पदपथावर, विजेचा खांब आणि फेरीवाला नसला तरी, सायकल आणि पादचारी एकत्र मावत नाहीत. अशा ठिकाणी सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यावी, आणि पदपथ मोकळा झाला की पुन्हा पायडलवर पाय ठेवावा.